न लागलेली गोळी

मेजर मुजफ्फर शेखच्या उजव्या हाताची दोन बोटं ट्रकच्या फाळक्याखाली चेचली गेली. घडलं ते एवढंच. काँगो नावाच्या देशात, भर दुपारी. तिथे लढाई चालू नव्हती, कुणी बंदूक उचलली नव्हती, आरडाओरडा झाला तोही त्याचा स्वतःचाच. पण राजुऱ्यात ही साधी गोष्ट कुणाला पटवून देणं त्याला कधीच जमलं नाही. राजुऱ्याने ठरवून टाकलं होतं की आपल्या मुजफ्फरला गोळी लागली.

मुजफ्फर राजुऱ्याचाच. बाप नूरुद्दीन पिंजारी. चौकात त्याचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस घरात आला की आजूबाजूच्या गावांतले लोक पोती घेऊन यायचे आणि नूरुद्दीन नाकाला फडकं बांधून दिवसभर कापूस पिंजायचा. आई खैरुन रजया शिवायची. अशा घरातला पोरगा नागपूरला मेडिकलला लागला, १९९५ साली सैन्यात डॉक्टर म्हणून भरती झाला आणि पुढे सैन्यानेच त्याला पुण्यात सर्जरी शिकवली. तिथे त्याच्याबद्दल एक गोष्ट सगळे बोलायचे, की याचा हात चांगला आहे. काही सर्जन हुशार असतात, काही धीट असतात; मुजफ्फर हाताचा होता. टाका घालताना त्याची बोटं घाई करत नसत आणि थांबतही नसत. त्याला हे माहीत होतं. दुसऱ्या कशाचा त्याला गर्व नव्हता, एवढ्या एकाच गोष्टीचा होता.

२००५ साली काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी त्याची निवड झाली तेव्हा बायको फरहतने विचारलं, "तिकडं लढाई चालू आहे ना?"

"म्हणूनच तर सर्जन पाहिजे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातला आनंद तिला आवडला नव्हता. पण ती त्याची बॅग भरायला उठली. ती राजुऱ्याच्या उर्दू शाळेत शिकवत होती, मुलगी उमेरा दुसरीत होती, आणि नवऱ्याच्या बदल्यांची तिला सवय झालेली होती.

तिकडे गेल्यावर मुजफ्फरने पाहिलं, असं ऑपरेशन थिएटर देशात त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. दिवे नवे, टेबल नवं, भुलीचं यंत्र नवं. भोवती सगळी जमीन ज्वालामुखीच्या राखेने काळी पडलेली, आणि मधोमध हे पांढरंशुभ्र हॉस्पिटल. पहिल्या आठवड्यात त्याने सगळी हत्यारं स्वतः मांडून घेतली. मग तो वाट पाहत बसला.

येणारे पेशंट म्हणजे शांतिसेनेचे जवान. मलेरिया, जुलाब, फुटबॉल खेळताना मुरगळलेला पाय. एखादं अपेंडिक्स आलं की सगळं थिएटर लग्नघरासारखं उत्साहात यायचं. खरी लढाई चालू होती ती पलीकडच्या डोंगरांत, आणि तिथली जखमी माणसं फाटकापर्यंतच येत. हॉस्पिटल शांतिसेनेच्या लोकांसाठी. बाहेरच्या माणसाला घ्यायचं तर जीव जात असला पाहिजे, असा नियम. तेव्हाही वरून होकार यायला हवा. जीव आज जात नसेल, सहा महिन्यांनी जाणार असेल, तर तो पेशंट नियमात बसत नव्हता.

फुराहा अशीच नियमात न बसणारी. ती फाटकासमोर केळी विकायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या दंडात गोळी घुसून हाड मोडलं होतं. ते कुणीतरी कसंबसं बांधलं, आणि आतला हाडाचा मेलेला तुकडा तसाच राहिला. दंडाला भोक पडून त्यातून पू वाहायचा. ती डाव्या हातानेच केळी तोलायची, डाव्या हातानेच पैसे घ्यायची. मुजफ्फरने दुभाष्याला तिच्या नावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "आनंद." मुजफ्फरला हसू आलं, कारण फरहत या नावाचाही अर्थ तोच.

त्याने फाटकाबाहेर उभं राहूनच तिचा हात तपासला. काम अवघड होतं, पण त्याच्या हातातलं होतं. मेलेलं हाड काढायचं, जखम स्वच्छ करायची, बाहेरून सळयांची चौकट बसवून हाड धरून ठेवायचं. तो हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे, कर्नलसाहेबांकडे गेला.

"जीवाला धोका आहे?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"हाताला आहे, सर."

"मग नाही."

"सर, थिएटर रिकामं आहे. मी रिकामा आहे. सगळा स्टाफ दिवसभर कॅरम खेळतोय."

"उद्या हिच्यामागे दोनशे माणसं येतील, मुजफ्फर."

"येऊ द्या ना, सर! त्यासाठीच तर आलोय आपण!"

कर्नलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी थंडपणे सांगितलं की आपण कशासाठी आलोय हे ठरवणारे आपण दोघेही नव्हे. तरीही मुजफ्फर दर आठवड्याला त्यांच्यासमोर उभा राहायचा. शेवटी कंटाळून त्यांनी वर विचारलं, आणि कशी कोण जाणे, परवानगी आली. पण आता सळयांची चौकट आणि हाडाला भोक पाडायचं ड्रिल नव्हतं. ते मागवावं लागलं. पावसाळा आला, गेला. फुराहा रोज फाटकाशी बसायची आणि त्याला पाहिलं की डावा हात वर करायची. ती विचारत काही नव्हती. ती विचारत नव्हती हेच त्याला सहन होत नव्हतं. तो मागच्या रस्त्याने जेवायला जाऊ लागला.

मग एके दिवशी निरोप आला, की विमानाने सामान आलंय, ट्रक निघालाय.

ट्रक आवारात शिरला तेव्हा मुजफ्फर धावतच गेला. जवान जेवायला गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पाच मिनिटं थांबा, पोरं येतील. पण मुजफ्फरचं थांबणं त्या दिवशी संपलं होतं. त्याने स्वतःच फाळक्याची एक खीळ ओढली, मग दुसरी ओढली. जड लोखंडी फाळका धाडकन खाली आला. डावा हात त्याने काढला. उजवा फाळका आणि गाडीच्या लोखंडी कडेमध्ये सापडला.

त्या हॉस्पिटलात त्या वर्षात झालेलं सर्वांत अवघड ऑपरेशन त्याच्याच हातावर झालं. काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता, तो जागा होता. त्याचा ज्युनिअर, एक तरुण कॅप्टन, घामाने भिजला होता. मुजफ्फर मान वळवून पाहत होता आणि सांगत होता, "ती शीर सोडू नको. नाही, तिच्याखाली. अरे, तिच्याखाली!" तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांचा चुरा झाला होता. कॅप्टनने जमेल ते केलं. आपण असतो तर याहून बरं जोडलं असतं, हे मुजफ्फरला टेबलावर पडल्यापडल्या कळत होतं, आणि ते कॅप्टनलाही कळत होतं. ऑपरेशन संपल्यावर दोघंही एकमेकांकडे बघेनात.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅप्टनला पहिला प्रश्न विचारला तो ट्रकमधून आलेल्या पेट्यांचा.

"उघडल्या ना?"

"हो, सर."

"मग?"

"मच्छरदाण्या आहेत, सर. सगळ्या पेट्यांत."

मुजफ्फरला दिल्लीच्या लष्करी इस्पितळात हलवलं. तिथे आणखी दोन ऑपरेशनं झाली. बोटं वाचली. पण वाचली म्हणजे हाताला चिकटून राहिली. तर्जनी वाकत नव्हती, आणि टोकाला टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. कॅप्टनला फोन करून त्याने फुराहाचं विचारलं. कॅप्टन म्हणाला, काही दिवस येत होती, आता दिसत नाही. ती जागा आता दुसऱ्या बाईने घेतली आहे.

जानेवारीत तो आजारपणाच्या रजेवर राजुऱ्याला आला. बसमधून उतरला आणि चौकातच त्याला फलक दिसला. त्यावर त्याचाच जुना, गणवेशातला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'शत्रूची गोळी झेलणारे राजुऱ्याचे सुपुत्र'.

फलक लावला होता गुणवंतरावांनी. गुणवंतराव म्हणजे खता-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. गावातला कुठलाही सत्कार, कुठलीही जयंती त्यांच्याशिवाय होत नसे. मनाने चांगला माणूस. मुजफ्फर तडक त्यांच्या दुकानात गेला.

"गुणवंतभाऊ, मले गोळी नाई लागली. फाळका पडला ट्रकचा."

गुणवंतरावांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि डोळा मारला. "समजलं, समजलं. मिलिट्रीचं सिक्रेट असते. आमी कोनाले सांगून नाई राह्यलो."

"अहो, फलक लावला तुमी चौकात!"

"तं मग? गोळी तं सांगतली, कोनं मारली ते कुठी सांगतलं?"

दुकानात हशा झाला. त्या महिन्यात मुजफ्फर जिथे गेला तिथे हेच झालं. सोयाबीन विकायला आलेला शेतकरी त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहायचा आणि म्हणायचा, "इकडून घुसली, नाई का?" सलूनवाला पैसे घेईना. तो जितकं सांगायचा की गोळी नव्हती, तितकी ती गोळी मोठी होत चालली. कुणालाच काँगोची खरी हकीकत नको होती. रिकामं थिएटर, कॅरम, फाटक, परवानगी, मच्छरदाण्या हे ऐकताना लोकांचे चेहरे उतरायचे. जणू तो त्यांच्याकडून काही काढून घेत होता.

त्याला जास्त खटकत होतं ते अब्बांचं. नूरुद्दीन दुकानात बसून गिऱ्हाइकांना मुलाची गोष्ट सांगायचा, आणि त्यात गोळी असायची. मुजफ्फरने पहिल्याच दिवशी घरात सगळं खरं सांगितलं होतं. अब्बांना सगळं ठाऊक होतं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. गुणवंतरावांचं भाषण झालं. त्यात डोंगर होते, धूर होता, आणि मुजफ्फर एका हाताने ऑपरेशन करत दुसऱ्या हाताने गोळी झेलत होता. मग माइक मुजफ्फरच्या समोर आला. डाव्या हाताने त्याने तो धरला.

"मी तुमचा आभारी आहे," तो म्हणाला. "पण मला गोळी लागली नाही. मी घाई केली. ट्रकचा फाळका हातावर पडला. त्यात शौर्य काही नाही. कृपा करून हे एकदा ऐका."

मग गुणवंतराव उठून उभे राहिले, डोळे पुसत म्हणाले, "पाहा, पाहा! एवढा मोठा माणूस, पन आंगात जराही मीपना नाई!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उमेराही टाळ्या वाजवत होती. मुजफ्फरने माइक टेबलावर इतक्या जोरात ठेवला की तो किंचाळला. पहिल्या रांगेत नूरुद्दीन बसला होता. तो एकटा टाळ्या वाजवत नव्हता. मान खाली घालून तो त्यालाही बांधलेल्या फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत होता.

बापलेक पायीच घरी निघाले. घरात ते उर्दूच बोलत. पण नूरुद्दीन चिडला की गावाच्या बोलीवर यायचा, आणि त्या दिवशी तो तिच्यातच बोलला.

"काऊन बोलला तू ते?"

"खरं आहे म्हणून, अब्बा."

"खरं का आहे ते मले माहीत नाई का?" तो रस्त्यातच थांबला. "तीस वर्सं झाले, चौकात दुकान आहे माह्यं. किरकेटची म्याच असली का लोकं इचारतेत, नूरुभाऊ, आज कोनाकडून? हासूनच इचारतेत. मीबी हासतो. कोनी वाईट नाई त्याइच्यात, माह्याच गाद्यावर झोपतेत सारे. पन इचारतेत. दरवेळी इचारतेत." त्याने मुलाच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "तू जखमी झाल्यापासून कोनी नाई इचारलं. परवा म्याच होती. कोनीच नाई इचारलं."

सोळा-सतरा वर्षांच्या शिक्षणात आणि नोकरीत या दुखण्याचं औषध मुजफ्फरला कुणी सांगितलं नव्हतं. "अब्बा, सैन्यात तर मी खरंच आहे ना," एवढंच तो म्हणाला. "फाळका पडला तरी मी तिथं गेलोच होतो ना?"

"गेला होता," नूरुद्दीन म्हणाला. "पन तेवढ्यानं नाई भागत आपलं."

त्यानंतर मुजफ्फरने गोळी नाकारणं सोडलं. तो होही म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. लोक विचारायचे, तो चहा प्यायचा. पण आतून तो असा कुढत होता की घरात भांडं पडलं तरी खेकसायचा. सैन्याच्या वैद्यकीय बोर्डाने त्याला ऑपरेशनसाठी अपात्र ठरवलं आणि भांडारात बसवलं. औषधं, चादरी, स्ट्रेचर यांचा हिशेब. वर्षभर त्याने ते काम केलं आणि मग राजीनामा दिला. राजुऱ्याला परत येऊन तो पलंगाच्या पायाला दोरा बांधून डाव्या हाताने गाठी मारत बसायचा. गाठी बसायच्या. पण गाठ मारणं म्हणजे ऑपरेशन नव्हे, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? रागाने तो दोरा तोडून टाकायचा.

एका दुपारी फरहत शाळेतून आली तेव्हा खैरुन ओट्यावर रडत होती. मुलगा अंगावर ओरडला होता, कारण काय तर वरणात मीठ कमी. फरहतने पिशवी खाली ठेवली आणि ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमची दोन बोटं गेली," ती म्हणाली. "आम्ही चौघांनी तुमच्या बोटांवर किती दिवस जगायचं?"

"मी काय करू मग? दुकानात बसून कापूस पिंजू?"

"पिंजा. नाहीतर तिकडं जा." आणि तिने सांगितलं की तिच्या शाळेतल्या एका बाईंची भाची, डॉक्टर उर्वशी, एटापल्लीकडे जंगलात एका ट्रस्टच्या दवाखान्यात आहे. नवीन सर्जन, एकटीच. अडली की विचारायला कुणी नाही.

"मी ऑपरेशन करू शकत नाही, फरहत."

"तोंड तर चालतंय ना? इथं तेवढंच चालतंय."

तो गेला. पहिल्याच दिवशी उर्वशीने त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "सर, एक विनंती आहे. इथे कुणालाही सांगू नका, तुम्ही सैन्यात होतात. मेजर म्हणू नका. गणवेशातला फोटोही लावू नका. पोलिसांची आणि नक्षलवाद्यांची, दोन्हीकडची माणसं इथे औषधाला येतात. आपण फक्त डॉक्टर."

मुजफ्फर हसायला लागला तो थांबेचना. राजुऱ्यात त्याला न लागलेली गोळी मिरवावी लागत होती, आणि इथे बारा वर्षांची खरी नोकरी लपवायची होती. उर्वशीला वाटलं सर बरे नाहीत.

ती हुशार होती, धीट होती. टेबलाच्या पलीकडे उभं राहून मुजफ्फर डाव्या हाताने धरायचं ते धरायचा आणि बोलायचा. पण आपल्याला जे बोटांनी करता यायचं ते दुसऱ्याच्या बोटांना तोंडाने सांगणं म्हणजे त्याला शिक्षाच वाटे. "वर! आणखी वर! दिसत नाही का?" असं तो ओरडायचा. एकदा उर्वशीने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि मास्कच्या वरून त्याच्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही ओरडलात की माझा हात थांबतो. पेशंट उघडा पडलाय. ओरडायचं असेल तर बाहेर जाऊन ओरडून या, मी थांबते."

तो खरंच बाहेर गेला. सूरजागडच्या डोंगरांकडे तोंड करून उभा राहिला. ओरडला नाही. हात धुऊन परत आत आला.

मोहफुलं वेचायचे दिवस आले. पहाटे बायका जंगलात जातात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. सुकरी नावाच्या बाईला अशाच अस्वलाने धरलं. मांडीचा मोठा लचका तोडलेला, आत माती, पाला, केस. नवरा वारलूने आणि गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून आणलं. उर्वशीने जखम धुतली, मेलेलं मांस कापलं आणि टाके घालायला सुई मागितली.

"शिवू नको," मुजफ्फर म्हणाला. लढाईतल्या जखमांसाठी सैन्यात हे पक्कं शिकवलेलं होतं. घाण शिरलेली जखम पहिल्या दिवशी बंद करायची नाही. उघडी ठेवायची, झाकायची, आणि चार-पाच दिवसांनी ती स्वच्छ दिसली की शिवायची. बंद केली तर पू आतच कोंडतो. जे ज्ञान वापरायला तो काँगोला गेला होता आणि जे तिथे एकदाही वापरायला मिळालं नव्हतं, ते आज उपयोगी पडत होतं. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

वारलूने दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना पाहिलं. एवढी मोठी जखम, आणि टाका एक नाही. तो नर्स इंदुताईंशी माडिया बोलीत जोरजोरात बोलू लागला.

"काय म्हणतो?" मुजफ्फरने विचारलं.

"म्हणते, दवाखान्यात आणलं तं शिवत काऊन नाई."

"त्याला सांगा, आत्ता शिवली तर सडेल. पाच दिवस थांब म्हणावं. हे शास्त्र आहे, त्याच्या डोक्यात शिरणार नाही. थांब म्हणावं!" तो हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं मिसळून बोलत होता, आणि त्याचा आवाज चढला होता. इंदुताईंनी वारलूला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं.

दुपारी खाट रिकामी होती. वारलू बायकोला घेऊन गेला होता. दूरच्या बाजारगावात कुणीतरी सुई चालवणारा होता; त्याने एका बैठकीत सगळी मांडी शिवून दिली.

मुजफ्फर दिवसभर धुमसत होता. "यांना पाहिजे तरी काय? थिएटर आहे, सर्जन आहे, औषध आहे, परवानगी कुणाची लागत नाही, आणि पेशंटच पळून जातो!" उर्वशीने हे पूर्वीही पाहिलं होतं.

आठवड्याने ते परत आले. सुकरी तापाने फणफणली होती, मांडी फुगून लाल झाली होती. उर्वशीने टाके उघडले, वाटीभर पू निघाला. पुन्हा सगळं धुवावं लागलं, आणखी मांस काढावं लागलं. बरेच दिवस तिच्या जिवाची खात्री नव्हती. या वेळी वारलू बाहेरच्या झाडाखाली बसून राहिला, कुठे गेला नाही. सुकरी जगली. पण तिचा गुडघा पुरता वाकेना, आणि पुढे ती काठी घेऊनच चालू लागली.

तिला घरी सोडायच्या दिवशी मुजफ्फरने वारलूला गाठलं. मनात इतक्या दिवसांचा राग होता. इंदुताईंना त्याने शेजारी उभं केलं. "विचारा त्याला. मी सांगितलं होतं ना? का नेलं?"

वारलूने इंदुताईंची वाट पाहिली नाही. त्याला मोडकी मराठी येत होती. "तू काय सांगतलं?" तो म्हणाला. "तू वरडला. बाई बोलली, थांब. मी इचारलं, कायले थांबू? कोनी नाई सांगतलं. तू हात असा केला," त्याने हवेत हात झटकून दाखवला, "न् गेला. मले वाटलं, हिले मराले ठेवलं. मरनाऱ्याले कोन शिवते?"

मुजफ्फर इंदुताईंकडे वळला. इंदुताई खाली पाहत होत्या. "सर, तुमी एवढं भडभड बोलले," त्या म्हणाल्या, "मलेच सारं नाई समजलं. मी थांब म्हनलं."

त्या दिवशी तो कुणाबरोबर जेवला नाही. राग कुणावर काढावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. वारलूवर काढावा तर तो बरोबर होता. इंदुताईंवर काढावा तर त्यांनी ऐकलं तेवढंच पुढे सांगितलं होतं. कापून काढलेलं मांस, न वाकणारा गुडघा, आणि सुकरी काठी टेकत फाटकाबाहेर पडली ती चाल, हे सगळं डोळ्यांसमोरून हलेना.

त्यानंतर त्याने एक काम स्वतःकडे घेतलं. ऑपरेशनच्या आधी तो पेशंटच्या माणसांजवळ जमिनीवर बसायचा. काय कापणार, काय ठेवणार, कशासाठी, सगळं सांगायचा. इंदुताई माडियात सांगायच्या, आणि मग तो उलट विचारायचा, सांगा पाहू, मी काय म्हणालो? कधी एका माणसाला समजायला दुपार जायची. मधेच कुणीतरी नवीन मामा यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या कामात त्याला जराही आनंद नव्हता. त्याचा जीव आत थिएटरमध्ये असायचा, जिथे उर्वशी आता त्याच्याशिवाय साधी ऑपरेशनं करू लागली होती. दरवाजाच्या काचेतून तिचे हात दिसले की तो मान फिरवायचा.

माडिया तो शिकला, पण वाईट बोलायचा. मुलं हसायची. सगळं समजावूनही माणसं पेशंट उचलून न्यायचीच, फक्त आधीपेक्षा कमी. अशा दिवशी तो फरहतला एटापल्लीहून फोन करायचा आणि अर्धा तास नुसती तक्रार करायचा. रस्ता, वीज, मामा, झाडफूक करणारे पुजारी, उर्वशीची सुई धरायची पद्धत. ती ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "मग येता का परत?"

"वेडी आहेस का," तो चिडून म्हणाला, "उद्या दोन हर्निया आहेत."